निखाऱ्यावरची भाकरी

ताई, सलाम.

तुमचं सात पानांचं पत्र मिळालं. ओळख पटेल असं त्यातलं सगळं मी काढून टाकलं आहे. सोलापुरात मंडळ्या (चर्च) मोजक्या आणि पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या बायका, त्याहून मोजक्या, त्यामुळे तुमची धास्ती मला समजते.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताईंचं वय अडतीस. यजमान इथल्या एका मंडळीचे पाळक, दोन मुलं. गेल्या नाताळानंतर काहीतरी बिघडलं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. दिवा दिसला तर शेजारचे विचारतील म्हणून त्या स्वयंपाकघरात अंधारातच बसून राहतात. स्तोत्राची एक ओळ चार वेळा वाचली तरी डोक्यात उतरत नाही. रविवारी उपासना सुटली की साहेबांच्या, म्हणजे पाळक यजमानांच्या, शेजारी दारात उभं राहायचं, दीडशे जणांशी हात मिळवायचा, "कशा आहात बाई?" म्हटलं की "प्रभूच्या कृपेने बरी" म्हणायचं. घरी आलं की साडीसुद्धा न बदलता पलंगावर पडायचं. मेळाव्याला आलेले एक उपदेशक व्यासपीठावरून म्हणाले की खरा विश्वासणारा निराश होऊच शकत नाही. मंडळीच्या पंचांपैकी एकाच्या पत्नीने कानात सांगितलं, "बाई, हे बाहेरचं आहे, उपास धरा." ताईंनी तीन दिवस उपास धरला, चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. नर्स असलेली एक मैत्रीण फोनवर म्हणते, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ताई विचारतात: मी विश्वास गमावला आहे का? गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं नाही का? आणि साहेबांना हे सांगू कसं?

या तिन्ही प्रश्नांकडे येते. पण ताई, तुमचं पत्र वाचताना मी पाचव्या पानावर थांबले. तिथे तुम्ही लिहिलंय, "आता प्रार्थना होत नाही. एकच होते. प्रभू, मला तुझ्याकडे घेऊन जा."

आपल्या लोकांत हे वाक्य ऐकून कुणी दचकत नाही. थकलेली म्हातारी माणसं रोज म्हणतात आणि आपण "आमेन" म्हणून चहा ठेवायला उठतो. पण सहावीतली मुलगी शेजारी झोपलेली असताना अडतीस वर्षांची बाई अंधारात बसून हेच एक मागते, तेव्हा मला आमेन म्हणता येत नाही. म्हणून सरळ विचारते. या प्रार्थनेच्या पुढे विचार कधी जातो का? कसं, कुठे, कधी, असा? जात असेल तर हा सल्ला इथेच बाजूला ठेवा आणि साहेबांना उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. एकट्या बसू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तेवढाही वेळ नसेल तर रिक्षा करून सिव्हिलचा अपघात विभाग गाठा. घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्यांचा डबा आजच साहेबांच्या हाती द्या.

(इतर वाचकांसाठी: असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नको तो विचार शिरत नाही. उलट कुणीतरी शेवटी विचारलं म्हणून माणूस रडतं आणि मोकळं होतं.)

विचार तिथवर जात नसेल, तरी ही प्रार्थना मी हलकी धरत नाही. आणि शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ती करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत. १ राजे, १९वा अध्याय काढा. एलीया, कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवणारा संदेष्टा, पुढच्याच अध्यायात रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. म्हणजे तुमचीच प्रार्थना. आता देव काय करतो ते सावकाश वाचा. तो रागावत नाही, "विश्वास कुठे गेला" असं विचारत नाही, उपास तर मुळीच सांगत नाही. एलीया झोपतो. दूत त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. दूत पुन्हा येतो, पुन्हा तेच: ऊठ, खा, पुढची वाट तुला झेपायची नाही. देवाची ती मंद वाणी पुढे होरेब डोंगरावर येते, चाळीस दिवस चालून झाल्यावर. भाकरी आणि झोप त्याच्या आधी.

हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो कळला आमच्याच घरात.

आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी नऊ वर्षांची असेन. आई शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या रविवारच्या शाळेत, शिकवायची, गळा गोड, नाताळच्या गाण्यांची तालीम तिच्याशिवाय व्हायची नाही. त्या वर्षी ती हळूहळू बोलेनाशी झाली. एका दुपारी मी शाळेतून आले तर चुलीवर तवा धुरावलेला, परातीत ज्वारीचं पीठ भिजवून ठेवलेलं, आणि आई समोर बसलेली, दोन्ही हात पिठाचे. पीठ वाळून त्याला तडे गेले होते. तिच्या बोटांवरचंही वाळलं होतं. किती वेळ बसली होती कोण जाणे. मी हाक मारली तर तिने माझ्याकडे पाहिलं, पण मी तिला दिसले नाही.

त्या आठवड्यात बाहेरगावचे एक उपदेशक घरी आले. त्यांनी चार बायकांच्या देखत आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मनात लपवलेलं पाप कबूल कर, आत्ता मोकळी होशील. आई बराच वेळ गप्प होती. मग हलक्या आवाजात म्हणाली की लहानपणी तिने तिच्या आईच्या डब्यातून आठ आणे घेतले होते. एवढंच सापडलं तिला. ते गेल्यावर ती रात्रभर त्या आठ आण्यांसाठी रडत होती.

शेजारी एक लिंगायत कुटुंब होतं. त्या काकूंना आम्ही अव्वा म्हणायचो. त्यांना आपलं शास्त्र ठाऊक नव्हतं. त्या रोज दुपारी मागच्या दाराने यायच्या, ताटलीत कडक भाकरी चुरलेली, वर दही, कडेला शेंगाचटणी. आईसमोर ताटली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तिन्नव्वा." खा गं बाई. दुसरं काही नाही. आईने दोन घास खाल्ले की पदराने तिचं तोंड पुसायच्या आणि ताटली उचलून जायच्या. किती महिने आल्या ते मला सांगता येणार नाही. पुढे शब्बाथशाळेत एलीयाचा धडा आला, बाई विचारत होत्या, "दूत कसा दिसत असेल?" माझ्या डोळ्यांपुढे अव्वाच उभ्या राहिल्या, हिरव्या इरकलीतल्या.

आईला डॉक्टरकडे न्यायला आम्हाला तीन वर्षं लागली. ती तीन वर्षं कुणीच परत देऊ शकत नाही, म्हणूनच हे पत्र इतक्या घाईने लिहिते आहे. औषध सुरू झाल्यावर साधारण दीड महिन्याने एका सकाळी ती भांडी घासताना गुणगुणत होती. बाबा दारात उभे राहून ऐकत होते, आत आले नाहीत. तो आजार पुढे दोनदा परत आला, हेही लपवत नाही. पण तेव्हा आम्हाला त्याचं नाव ठाऊक होतं आणि आम्ही आठवड्याच्या आत दवाखाना गाठला.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. विश्वास गमावला आहे का? ताई, तुमची झोप मोडली आहे, भूक मेली आहे, लक्ष लागत नाही, आवडीच्या कशातच गोडी उरली नाही, सगळ्याला आपणच दोषी असं वाटतं आणि हे आठवडे नाही, महिने चालू आहे. डॉक्टर याला नैराश्याचा आजार म्हणतात. दोन आठवडे रोज असं राहिलं तरी दाखवायला जावं असा साधा ठोकताळा आहे. या आजारात वाचलेलं डोक्यात टिकत नाही. वर्तमानपत्र टिकत नाही, भाजीचा हिशोब टिकत नाही, तसंच स्तोत्रही टिकत नाही. पण भाजीचा हिशोब चुकला तर आपण "थकलेय" म्हणतो, आणि स्तोत्र टिकलं नाही की "प्रभूपासून दुरावले" म्हणतो. डोकं तेच, आजार तोच.

अपराधीपणाचंही असंच. खऱ्या पश्चात्तापाला पत्ता असतो. अमुक माणसाशी मी अमुक वागले, जाऊन क्षमा मागायची. आजारातल्या अपराधाला पत्ता नसतो. तो सगळीकडे पसरतो, आणि शोधायला लावलं तर आठ आणे शोधून आणतो. तुम्ही पत्रात स्वतःची सतरा पापं लिहून काढलीत. मी ती वाचली. मुलाच्या डब्यात दोन दिवस ब्रेड-जॅम दिलात, हे त्यातलं एक आहे.

तुमच्या मेळाव्यातल्या उपदेशकांच्या वाक्याबद्दल मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र उघडा. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुधा शेवटाकडे आशेला वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात आहे आणि देवाला उद्देशूनच आहे. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः म्हणाला की माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, आणि तिघा शिष्यांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. गुड फ्रायडेला बारा ते तीन आपण प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना करतो, चौथ्या उद्गाराला सगळी मंडळी शांत होते: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तो उद्गार काढणाऱ्याचा विश्वास कमी पडला, असं म्हणण्याची कुणाची छाती आहे? आणि तुमच्या साहेबांच्या कपाटात स्पर्जन या नामांकित इंग्रज उपदेशकांची प्रवचनं असतीलच. १८५६ साली लंडनमध्ये त्यांच्या सभेत कुणीतरी "आग, आग" म्हणून खोटीच ओरड केली, चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर नैराश्याने त्यांना पुन्हा पुन्हा गाठलं आणि ते त्यांनी आपल्या लोकांपासून लपवलं नाही. साहेबांशी बोलताना हे आठवा, उपयोगी पडेल.

दुसरा प्रश्न, गोळ्यांचा. तुम्हाला मधुमेह असता तर हे विचारलं असतंत का? पौलाबरोबर फिरणाऱ्या लूकला शास्त्र "प्रिय वैद्य" म्हणतं. याकोबाच्या पत्रातलं तेल लावून प्रार्थना करण्याचं वचन तुम्ही लिहिलंय. जरूर करा प्रार्थना. पण प्रभूच्या दाखल्यात वाटेवरच्या जखमी माणसाला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेलच ओतलं होतं ना, तेव्हा ते औषधही होतं. मिरजेला मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं, आपल्या किती घरांतली बाळंतपणं आणि ऑपरेशनं तिथे झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मनाच्या आजारांचं वेगळं केंद्रच आहे, तिथे रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं. पोटाच्या ऑपरेशनला विश्वास आड येत नाही आणि मनाच्या गोळीला येतो, हे शास्त्रात कुठेच लिहिलेलं नाही. ती आपली लाज आहे, तिला आपण विश्वासाचं नाव दिलं.

जायचं कसं ते सांगते. सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग वाढायच्या आत. कुणी पाहील ही भीती फार असेल तर खाजगी डॉक्टर गाठा, किंवा पहिल्या वेळी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला जा आणि संध्याकाळी परत या. मात्र पुढे दर महिन्याला जायचं असतं, म्हणून सोलापुरातलाच डॉक्टर बरा. तुमची माहिती डॉक्टर बाहेर सांगू शकत नाहीत, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुमचा हक्क आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं तर टाळू नका. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असंच मंदावतं, आणि चक्कर तर तुम्हाला आलेलीच आहे.

गोळी सुरू झाली की पहिले काही दिवस मळमळ, डोकं जड, असं होऊ शकतं. फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात. याच दिवसांत बरेच जण "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. जास्तच त्रास झाला किंवा मन अधिक बेचैन झालं तर डॉक्टरांना फोन करा, पण आपल्या मनाने बंद करू नका. बरं वाटल्यावरही सहसा सहा महिने तरी चालू ठेवतात आणि हळूहळू कमी करतात. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची सवय लागत नाही. झोपेच्या गोळ्यांची लागू शकते, त्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. औषधाबरोबर समुपदेशनही विचारा. मनातलं सगळं ओतायला मंडळीबाहेरचं एक माणूस तुम्हाला फार गरजेचं आहे. तुम्ही सगळ्यांचं ऐकता, तुमचं ऐकणारं कुणी नेमलेलंच नाही.

आणि तोवर उपास नको. माझ्या शब्दावर सोडा.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. साहेब दिवसभर इतरांची दुःखं ऐकून येतात, त्यात माझं ओझं कशाला, असं तुम्ही लिहिता. मला वाटतं तुम्हाला दुसरीच भीती आहे. तुम्ही सांगाल आणि ते लगेच डोळे मिटून प्रार्थना करतील, आणि तुमचं बोलणं तिथेच संपेल. म्हणून सुरुवातच अशी करा: "अहो, पाळक म्हणून नको, नवरा म्हणून ऐका. आत्ता प्रार्थना करू नका. माझं संपेपर्यंत काही बोलू नका." मग ती पाचव्या पानावरची ओळ सांगा, जशीच्या तशी. बोलणं जमलं नाही तर तो कागद त्यांच्या चष्म्याखाली ठेवा. सोमवार निवडा, रविवारचा शीण उतरलेला असतो आणि सहसा पाळकांची ती सुट्टी असते. ते घाबरतील. कदाचित पहिलं वाक्य चुकीचंच बोलतील. त्यांना दुसरं वाक्य बोलायला वेळ द्या.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, कुणी शब्द बोललं नाही. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. साहेबांकडून आधी तेवढंच मागा.

शब्बाथशाळा आणि महिला मंडळ तीन महिने दुसऱ्या कुणाकडे द्या. दारात हात मिळवायला एकटे साहेब पुरेत. "बाईंची तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत" एवढं मंडळीला सांगितलं तर ते खोटं नाही आणि त्याहून जास्त सांगण्याचं तुमच्यावर देणंही नाही. मंडळीत पगार साहेबांना असतो, पण राबणं आणि हसतमुख राहणं दोघांकडून धरलेलं असतं. हे वाचणाऱ्या पंचांनी आपापल्या पाळकीणबाईंकडे या रविवारी जरा निरखून पाहावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

राहिली प्रार्थना. ती होत नाही म्हणून तुम्ही स्वतःला फार मारता. मार्काचा २रा अध्याय तुम्ही मुलांना कितीदा शिकवला असेल, छप्पर उचकटून खाली सोडलेला पक्षाघाती. मुलं त्याचं चित्र हौसेने काढतात. त्यातलं एक वाक्य आपण घाईत ओलांडतो. प्रभूने "त्यांचा" विश्वास पाहिला, असं लिहिलंय. खाट उचलून आणणाऱ्या चौघांचा. खाटेवरच्याने काही म्हटल्याची नोंद नाही. ताई, सध्या तुम्ही खाटेवर आहात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खाटा उचलल्यात, आता पडून राहा. ती नर्स मैत्रीण एक कोपरा धरून आहे. दुसरा मी धरते. तिसरा साहेबांना सोमवारी द्या. चौथा डॉक्टरांचा. पहाटे तीनला जाग आली तर अंधारात बसू नका, दिवा लावा. "प्रभू, मी इथे आहे" एवढं म्हणा, तेही जमलं नाही तर राहू द्या. दूध गरम करा, डब्यात कडक भाकरी असेल तर अर्धी चुरून घाला आणि खा.

पुढचं पत्र सात पानांचं नको. "जाऊन आले" एवढं पोस्टकार्डावर लिहिलंत तरी चालेल. मी वाट पाहते.

तुमची,
सदरातली ताई